चिली आणि अर्जेंटिना: राष्ट्रीय बचतीची तुलना करताना आकडा उघडून कसा पाहावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: चिली आणि अर्जेंटिना या शेजारी देशांच्या स्थूल राष्ट्रीय बचतीची १९८० पासूनची तुलना करायची आहे. जागतिक बँकेचे आकडे एका आलेखावर मांडले, तर अर्जेंटिनाचा बचत दर २००२ साली, म्हणजे देश दिवाळखोरीत असताना, वर चढलेला दिसतो. उलट तांब्याला सोन्याचे दिवस आले होते त्या २००६-०७ मध्ये चिलीची रेषा अपेक्षेइतकी उंच जात नाही. आकडे चुकलेत का, आणि तुलना नीट कशी करायची?

आकडे चुकलेले नाहीत. बचत दर वाढला म्हणजे लोक काटकसरी झाले, हा समज चुकतो. स्थूल राष्ट्रीय बचत कोणी थेट मोजत नाही. देशाला वर्षभरात जे खर्चण्याजोगे उत्पन्न मिळाले, त्यातून कुटुंबांचा आणि सरकारचा उपभोग खर्च वजा केल्यावर जे उरते ती बचत. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून ती निघते, त्यामुळे त्या दोहोंपैकी कशातही झालेली छोटी चूक, किमतींचा झटका किंवा चलनाचे अवमूल्यन तिच्यात मोठे होऊन उमटते. म्हणून कोणत्याही वर्षाचा दर पाहिला की पहिला प्रश्न विचारायचा: हा दर कशाने बनला?

हिशेब एकदा हाताने करून पाहणे फार उपयोगी पडते. सोयीसाठी एक काल्पनिक देश घ्या. त्याचे स्थूल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे जीडीपी, १,००० आहे. कुटुंबांचा उपभोग ६२०, सरकारचा १३०, गुंतवणूक २२०, निर्यात ३३०, आयात ३००. जीडीपीतून ७५० चा उपभोग काढला की २५० उरतात. ही झाली देशांतर्गत बचत. आता परकीय कंपन्यांचा नफा आणि परदेशी कर्जावरचे व्याज मिळून निव्वळ ६० बाहेर जातात, आणि परदेशस्थ नागरिकांकडून वगैरे निव्वळ १० आत येतात. खर्चण्याजोगे राष्ट्रीय उत्पन्न ९५० राहिले. त्यातून तेच ७५० वजा केले की राष्ट्रीय बचत २००, म्हणजे जीडीपीच्या २० टक्के.

आता दुसऱ्या बाजूने पडताळा घ्या. चालू खात्याची शिल्लक म्हणजे व्यापाराचे अधिक ३०, उत्पन्नाचे उणे ६० आणि हस्तांतरणाचे अधिक १०, एकूण उणे २०. गुंतवणूक २२० मध्ये हे उणे २० मिळवले की पुन्हा २०० येतात. बचत म्हणजे गुंतवणूक अधिक चालू खात्याची शिल्लक. दोन्ही वाटांनी उत्तर एकच यायला हवे. प्रत्यक्ष आकडेवारीत ते बहुधा तंतोतंत येत नाही, कारण राष्ट्रीय लेखे एका ठिकाणी तयार होतात आणि आंतरराष्ट्रीय देवघेवीचा ताळेबंद दुसऱ्या पद्धतीने. दोन उत्तरांत जीडीपीच्या एक-दीड टक्क्यापर्यंतचा फरक चालवून घेता येतो. त्याहून मोठा फरक पडला, तर त्या वर्षाच्या सांख्यिकीय तफावतीची ओळ शोधून पाहिल्याशिवाय ते वर्ष तुलनेत वापरू नये.

जागतिक बँकेच्या कोशात ही मालिका जीडीपीच्या टक्केवारीतली स्थूल बचत म्हणून मिळते आणि देशांतर्गत बचत वेगळ्या नावाने मिळते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या जागतिक आर्थिक आढाव्यात राष्ट्रीय बचत, गुंतवणूक आणि चालू खाते असे तिन्ही आकडे एकत्र मिळतात. तुम्ही नकळत एका देशाची देशांतर्गत आणि दुसऱ्याची राष्ट्रीय बचत घेतलेली नाही ना, हे आधी तपासा. ही चूक नेहमीची आहे, आणि चिलीच्या बाबतीत तिच्यामुळे संपूर्ण निष्कर्ष उलटतात.

चिलीत देशांतर्गत आणि राष्ट्रीय बचतीतले अंतर का एवढे मोठे? १९७१ साली तिथल्या मोठ्या तांबे खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७६ मध्ये त्या कोडेल्को या सरकारी कंपनीकडे आल्या. पण पुढे नव्याने उघडलेल्या खाणींत परकीय भांडवल आले. अटाकामा वाळवंटातली एस्कोंदिदा ही जगातली सर्वांत मोठी तांबे खाण परकीय कंपन्यांच्या मालकीची आहे. २००३ मध्ये तांब्याचा सरासरी भाव पौंडाला एक डॉलरच्या खाली होता; २००६ मध्ये तो तीन डॉलरच्या वर गेला. निर्यातीचे मूल्य फुगले, त्याबरोबर जीडीपी आणि देशांतर्गत बचतही फुगली. २००६ मध्ये देशांतर्गत बचत जीडीपीच्या सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत पोचली होती. पण त्या वाढीव भावातला मोठा वाटा परकीय भागधारकांचा होता. निव्वळ प्राथमिक उत्पन्नापोटी, म्हणजे नफा-व्याजाच्या परदेशाशी झालेल्या निव्वळ देवघेवीपोटी, जीडीपीच्या सुमारे १२ टक्के इतकी रक्कम चिलीच्या नावावरून वजा झाली आणि राष्ट्रीय बचत २५ टक्क्यांच्या आसपास राहिली. तुमची रेषा अपेक्षेइतकी उंच गेली नाही ती याचमुळे.

यात एक बारकावा आहे. परकीय कंपनीने नफा मायदेशी न नेता चिलीतल्याच खाणीत पुन्हा गुंतवला, तरी लेख्यात तो आधी बाहेर गेलेले उत्पन्न म्हणून लिहिला जातो आणि मग थेट परकीय गुंतवणूक म्हणून आत आलेला दाखवला जातो. डॉलर प्रत्यक्षात सीमा ओलांडतही नाहीत, पण राष्ट्रीय बचत तेवढ्याने कमी दिसते आणि चालू खातेही तेवढ्याने बिघडलेले दिसते. चिलीच्या चालू खात्याची तूट पाहून घाबरण्याआधी तीत पुनर्गुंतवलेला नफा किती आहे ही ओळ मध्यवर्ती बँकेच्या आंतरराष्ट्रीय देवघेवीच्या ताळेबंदात जरूर पाहा. भारतीय वाचकाच्या नजरेला हे उलटे वाटेल, कारण भारतात परदेशस्थ नागरिकांनी पाठवलेल्या पैशांमुळे राष्ट्रीय बचत देशांतर्गत बचतीपेक्षा जास्त भरते. दक्षिण अमेरिकेतल्या खाणप्रधान देशांत ती कमी भरते.

भागाकार कशाने करायचा याचाही इथेच निकाल लागतो. जीडीपीने भागले तर २००६-०७ च्या चिलीचा दर २५ टक्के. पण तेव्हा राष्ट्रीय उत्पन्न जीडीपीच्या ८८ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणून त्याने भागले तर तोच दर २८ टक्क्यांच्या वर जातो. अर्जेंटिनात राष्ट्रीय उत्पन्न आणि जीडीपी यांच्यातले अंतर सहसा दोन-तीन टक्क्यांचे, त्यामुळे तिथे कशानेही भागले तरी दर फारसा हलत नाही. म्हणजे दोन देशांतले अंतर निव्वळ भाजक बदलून तीन टक्क्यांनी वाढते. देशाच्या हातात आलेल्या पैशातून किती राखले हा प्रश्न असेल, तर राष्ट्रीय उत्पन्नाने भागणे अधिक प्रामाणिक. पण एकदा ठरवले की दोन्ही देशांना आणि सगळ्या वर्षांना तेच लावा.

आता अर्जेंटिनाचे २००२. १ एप्रिल १९९१ पासून १०,००० ऑस्ट्रल (तेव्हाचे चलन), आणि १९९२ पासून एक पेसो, बरोबर एक डॉलर असा कायदेशीर विनिमय होता. १९९८ च्या सुमारास गुंतवणूक जीडीपीच्या वीस टक्क्यांच्या थोडी वर आणि चालू खात्याची तूट पाचेक टक्के, म्हणजे राष्ट्रीय बचत सोळा टक्क्यांच्या जवळपास. गुंतवणुकीतला चौथा हिस्सा परदेशी पैशावर उभा होता. डिसेंबर २००१ मध्ये बँकांतून पैसे काढण्यावर मर्यादा आली, त्याच महिन्यात कर्जफेड थांबली आणि जानेवारी २००२ मध्ये विनिमयाची हमी मोडली. त्या वर्षी उत्पादन जवळजवळ ११ टक्क्यांनी घसरले. परदेशातून एक डॉलर मिळेना, आयात कोसळली, आणि चालू खाते तुटीतून उठून जीडीपीच्या सुमारे आठ टक्के शिलकीत आले. गुंतवणूक बारा टक्क्यांच्या आसपास उतरली होती. बारा आणि आठ, वीस. बचत दर १९९८ पेक्षा चार टक्क्यांनी वर.

या वाढीत काटकसर कुठेच नाही. पेसोचा भाव कोसळल्याने निर्यातदारांचे पेसोतले उत्पन्न फुगले, पगार आणि निवृत्तिवेतने पेसोत जागच्या जागी राहिली, आणि उत्पन्नाचा वाटा खर्च करणाऱ्या कुटुंबांकडून राखून ठेवणाऱ्या कंपन्यांकडे सरकला. उपभोग उत्पन्नापेक्षा जास्त वेगाने आटला. लोकांना गरजा माराव्या लागल्या म्हणून झालेली ही सक्तीची बचत होती, आणि ती घरांच्या खात्यात दिसत नव्हती. शिवाय लेखे उपार्जन तत्त्वाने ठेवले जातात, म्हणजे थकलेल्या कर्जावरचे व्याज दिले नाही तरी देय म्हणून नोंदले जाते. त्यामुळे चालू खात्यावर जी शिलक दिसते ती व्याज वजा केल्यानंतरची. रोखीत देशाजवळ त्याहून जास्त राहिले होते. कर्ज बुडवलेल्या देशाच्या बचतीचा आकडा वाचताना हा मुद्दा बहुतेकांच्या हातून सुटतो.

म्हणून नियम करा: बचत दर एकटा कधी मांडायचा नाही. त्याच्याखाली गुंतवणूक आणि चालू खाते या दोन रेषा हव्यातच. बचत आणि गुंतवणूक दोन्ही चढत असतील तर ती वाढीची बचत. बचत चढते आणि गुंतवणूक पडते, तर देश परदेशी कर्ज फेडतो आहे किंवा त्याला कर्ज मिळेनासे झाले आहे.

हीच कसोटी चिलीच्या १९८१-८२ ला लावा. १९७९ मध्ये चिलीने डॉलरला ३९ पेसो असा भाव गोठवला. परकीय कर्जाचा पूर आला. १९८१ मध्ये चालू खात्याची तूट जीडीपीच्या १४ टक्क्यांच्या वर गेली आणि राष्ट्रीय बचत दहा टक्क्यांच्याही खाली होती, तेही भरभराटीचे वर्ष मानले जात असताना. जून १९८२ मध्ये भाव मोडला, त्या वर्षी उत्पादन सुमारे १४ टक्क्यांनी घसरले आणि जानेवारी १९८३ मध्ये सरकारने मोठ्या बँकांचा ताबा घेतला. इथे अर्जेंटिनाच्या २००२ सारखी बचत उसळली नाही. ती आणखी खाली गेली. १९८२ मध्ये गुंतवणूक जीडीपीच्या १२ टक्क्यांच्या आसपास आणि तूट अजून नऊ-दहा टक्क्यांची, म्हणजे बचत नाममात्र. कारण तांब्याचा भाव पडलेला, परदेशी कर्जावरचे व्याज चढलेले, आणि चालू खाते लगेच शिलकीत येईल इतका वाव नव्हता. अर्जेंटिनाला २००२ नंतर सोयाबीनच्या चढत्या भावाने हात दिला. दोन अरिष्टे सारखी दिसली तरी बचत दरांची दिशा उलटी असू शकते ती बाह्य भावांमुळे.

१९८५ नंतरची चिलीच्या बचत दराची चढण हा या संपूर्ण तुलनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि तिचे श्रेय सरसकट निवृत्तिवेतन सुधारणेला देण्याची पद्धत मला पटत नाही. १९८१ च्या मे महिन्यापासून पगाराचे दहा टक्के खासगी निवृत्तिवेतन निधीत भरणे सक्तीचे झाले, हे खरे. पण जुन्या पद्धतीतल्या पेन्शनरांना पैसे देणे सरकारच्या गळ्यात राहिले आणि नवी वर्गणी मात्र त्याच्याकडे येईनाशी झाली. सरकारने ते खड्डे कर्ज काढून भरले असते, तर कुटुंबांची बचत जितकी वाढली तितकीच सरकारची घटली असती आणि राष्ट्रीय बचत जागेवर राहिली असती. चिलीत ती वाढली, कारण सरकारने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९८ पर्यंत इतर खर्च आवरून आपले खाते शिलकीत ठेवले. अर्जेंटिनाने १९९४ मध्ये खासगी निधी आणले तेव्हा हेच केले नाही. संक्रमणाचा खर्च तुटीत आणि डॉलरमधल्या कर्जात गेला, आणि नव्वदच्या दशकात राष्ट्रीय बचत पंधरा ते सतरा टक्क्यांतच घोटाळत राहिली.

चिलीत दुसरे मोठे कारण कंपन्यांचे होते. १९८४ च्या करसुधारणेने कंपनीत राखून ठेवलेल्या नफ्यावर अत्यल्प कर आणि वाटलेल्या नफ्यावर मालकाच्या हातात पूर्ण कर अशी व्यवस्था आणली. नफा कंपनीतच ठेवण्याची गोडी लागली, आणि चिलीच्या बचतीचा कणा कुटुंबे नव्हे तर कंपन्या झाल्या. ही व्यवस्था २०१४ च्या करसुधारणेने मोडीत काढली. याचा एक तोटाही होता: मालकांचे काही घरगुती खर्च कंपनीच्या नावावर पडत, म्हणजे उपभोगाचा काही भाग उत्पादनखर्च म्हणून लपत असे. तिसरे कारण निखळ वाढीचे. १९८६ ते १९९७ या काळात अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी सात टक्क्यांच्या वर वाढली, आणि उत्पन्न वेगाने वाढत असताना उपभोग मागे राहतो. नव्वदच्या मध्यापर्यंत दर पंचविशीजवळ गेला. वाढीमुळे बचत की बचतीमुळे वाढ, हे या समीकरणातून सिद्ध होत नाही. समीकरण फक्त हिशेब जुळवते.

२००१ पासून चिलीच्या सरकारने रचनात्मक शिलकीचा नियम पाळायला सुरुवात केली. तज्ज्ञांची समिती तांब्याचा दीर्घकालीन भाव ठरवते, सरकार त्या भावाने मिळाले असते तितकेच उत्पन्न धरून खर्च आखते, वरचे साठवते. २००६ च्या कायद्याने हे पैसे निवृत्तिवेतन राखीव निधी आणि आर्थिक-सामाजिक स्थैर्य निधी अशा दोन कोठारांत जाऊ लागले. २००७ मध्ये केंद्र सरकारचे कर्ज जीडीपीच्या चारेक टक्क्यांवर उतरले होते. २००९ मध्ये मंदी आली तेव्हा स्थैर्य निधीतून सुमारे ९ अब्ज डॉलर काढून खर्च केले गेले आणि राष्ट्रीय बचत खाली आली. तो घसरलेला आकडा धोरणाचे अपयश म्हणून वाचू नका, साठवण ज्यासाठी केली होती त्यासाठीच वापरली गेली.

अर्जेंटिनातही २००३ ते २००८ मध्ये बचत वीस टक्क्यांच्या वर होती, सरकारी खाते शिलकीत होते. या सहा वर्षांत दोन देशांच्या रेषा जवळ येतात. फरक असा की अर्जेंटिनाकडे ती शिल्लक पुढच्या वाईट वर्षांसाठी बांधून ठेवणारा नियम नव्हता. २००८ च्या अखेरीस खासगी निवृत्तिवेतन निधी सरकारी संस्थेकडे घेतले गेले. अनेक विश्लेषणांत याला बचतीवरचा आघात म्हटलेले आढळते. लेख्यांच्या दृष्टीने ते बरोबर नाही. आधी साठलेली मालमत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली. त्या क्षणी त्या वर्षीच्या बचतीत काही फरक पडत नाही. पुढच्या वर्षांपासून वर्गणी कुटुंबांच्या बचतीऐवजी सरकारच्या उत्पन्नात धरली गेली, म्हणून सरकारची बचत वाढलेली आणि कुटुंबांची घटलेली दिसते. राष्ट्रीय बचत घटते ती सरकार ते वाढीव उत्पन्न उपभोगावर खर्चू लागते तेव्हाच, आणि अर्जेंटिनात नंतर तेच झाले.

चिलीच्या २०२०-२१ ला हाच विचार लावायला हवा. जुलै २०२०, डिसेंबर २०२० आणि एप्रिल २०२१ अशा तीन कायद्यांनी लोकांना आपल्या निवृत्तिवेतन खात्यातून प्रत्येकी दहा टक्के काढता आले. एकूण रक्कम ५० अब्ज डॉलरच्या आसपास गेली. २०१९ अखेर या निधींची मालमत्ता जीडीपीच्या ऐंशी टक्क्यांजवळ होती, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाण कळते. मुदत ठेव मोडून पैसे बचत खात्यात टाकले तर घराची त्या वर्षीची बचत घटत नाही; त्या पैशांचा टीव्ही आणि सोफा घेतला की घटते. चिलीत तसेच झाले. २०२१ मध्ये सरकारी मदतीची त्यात भर पडली, खासगी उपभोग एका वर्षात सुमारे वीस टक्क्यांनी वाढला, आणि तांब्याचा भाव चढा असूनही चालू खात्याची तूट २०२१ मध्ये जीडीपीच्या सातेक टक्के, २०२२ मध्ये साडेआठ टक्क्यांच्या वर गेली. बचत दर घसरण्याचे कारण निधीतून पैसे काढणे हे लिहिण्याऐवजी काढलेले पैसे उपभोगात जाणे असे लिहा. दोन्हींत वेळेचा फरकही पडतो: पैसे २०२० मध्ये निघू लागले, बचत कोसळली २०२१ मध्ये.

आता अर्जेंटिनाच्या आकड्यांची दुखणी, कारण खरा वेळ इथेच जातो.

पहिले, मालिकेचे सांधे. १९९३ आणि २००४ ही दोन पायाभूत वर्षे आहेत. आंतरराष्ट्रीय देवघेवीची नवी पद्धतीची मालिका २००६ पासून मिळते. सांधताना बचतीचे गुणोत्तर सरळ जोडू नका. ज्या वर्षांत जुनी-नवी मालिका एकमेकींवर येतात तिथून जीडीपी, उपभोग आणि गुंतवणूक यांचे जोडगुणक वेगवेगळे काढा, घटक मागे न्या, आणि गुणोत्तर शेवटी नव्याने मांडा. घटकांची बेरीज मग जीडीपीशी जुळणार नाही. तो उरलेला भाग तफावत म्हणून वेगळा दाखवा, उपभोगात ढकलू नका. उपभोगात ढकलला की तो उलट्या चिन्हाने बचतीत शिरतो. चलनेही बदलली आहेत: १९८३, १९८५ आणि १९९२ मध्ये नवी चलने आली, आणि १९९२ चा एक पेसो म्हणजे १०,००० ऑस्ट्रल. चालू किमतींच्या जुन्या मालिकेत शून्ये तपासल्याशिवाय काहीही जोडू नका.

दुसरे, २००७ ते २०१५. जानेवारी २००७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेत सरकारी हस्तक्षेप झाला आणि महागाई कमी दाखवली जाऊ लागली. २०१३ मध्ये नाणेनिधीने त्याबद्दल अर्जेंटिनावर ठपका ठेवला. तो २०१६ मध्ये मागे घेतला गेला, जेव्हा सुधारित राष्ट्रीय लेखे प्रसिद्ध झाले. म्हणून २०१६ पूर्वी छापलेल्या कोणत्याही अहवालातले त्या काळाचे आकडे वापरू नयेत, सुधारित मालिकाच घ्यावी. चालू किमतींतली गुणोत्तरे यात कमी बिघडली. स्थिर किमतींतली, म्हणजे महागाई वजा केलेली, बचत आणि वाढीचे दर जास्त.

तिसरे, महागाई. २०२३ मध्ये अर्जेंटिनात किमती वर्षभरात २११ टक्क्यांनी वाढल्या. अशा वर्षी चार तिमाह्यांचे पेसो सरळ बेरीज केले, तर चौथ्या तिमाहीला पहिलीच्या अडीच-तीनपट वजन मिळते. उदाहरण म्हणून तिमाही जीडीपी १००, १४०, १९०, २७० धरा आणि बचत दर १२, २२, १५, ११ टक्के. सोयाबीनची कापणी मार्च ते जून असल्याने दुसरी तिमाही जड धरली आहे. पेसोंच्या बेरजेतून वार्षिक दर १४.४ येतो, चारही तिमाह्यांना समान वजन दिले तर १५. वास्तविक उत्पादन चारही तिमाह्यांत सारखे असेल, तर दुसरा आकडा खरा. कापणीचे पैसे भाव कमी असताना आले आणि वर्षअखेरीचा खर्च भाव चढल्यावर झाला, म्हणून पहिला दर खाली ओढला गेला. १९८९ साठी, जेव्हा महागाई तीन हजार टक्क्यांच्या वर होती, वार्षिक गुणोत्तराला अर्थच उरत नाही. १९८९ आणि १९९० तुलनेतून वगळा आणि वगळल्याचे लिहा.

महागाईच मालसाठ्यातही घुसते. व्यापाऱ्याकडे वर्षारंभी १,००० पेसो भावाची शंभर पोती होती, वर्षअखेरीस तीच शंभर पोती ३,००० भावाने. वहीत साठा दोन लाखांनी वाढला, प्रत्यक्षात एक पोतेही वाढले नाही. ही भाववाढ नीट वजा झाली नसेल, तर ती गुंतवणूक आणि बचत दोन्हींत चढते. म्हणून अर्जेंटिनासाठी एकूण भांडवल निर्मितीबरोबर साठ्यातला बदल सोडून केवळ स्थिर भांडवल निर्मितीचीही रेषा काढा. दोन्हींत अंतर फार पडले तर त्या वर्षाच्या बचतीवर विश्वास कमी ठेवा. व्याजाचेही असेच: ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्यवर्ती बँकेचा धोरण दर १३३ टक्क्यांवर होता. त्यातले बहुतेक व्याज म्हणजे मुद्दलाची झीज भरून काढणे होते, पण लेख्यात ते सगळे बँकांचे उत्पन्न. देशाच्या बेरजेत ते एकमेकांत विरते. सरकार आणि खासगी क्षेत्र यांची बचत वेगळी काढायला गेलात तर मात्र दोन्ही आकडे विकृत निघतील.

चौथे, विनिमय दर. बचतीची डॉलरमधली रक्कम घेऊन तुलना करूच नका. १३ डिसेंबर २०२३ ला अधिकृत भाव डॉलरला ३६६ पेसोंवरून ८०० वर नेला गेला. एका रात्रीत डॉलरमधली बचत निम्म्याहून कमी. गुणोत्तर यातून बरेच वाचते, पण पूर्ण नाही, कारण चालू खाते डॉलरमध्ये असते आणि जीडीपी पेसोत. अधिकृत पेसो कृत्रिम महाग ठेवलेला असताना डॉलरमधला जीडीपी फुगतो आणि चालू खात्याची तूट टक्केवारीत लहान दिसते. उपाय: चालू खाते तिमाहीगणिक त्या तिमाहीच्या सरासरी भावाने पेसोत आणा, मग त्याच तिमाहीच्या जीडीपीने भागा. समांतर बाजारभावाने एक पर्यायी मालिका काढून पट्टा दाखवलात तर अधिक चांगले.

आणि सर्वांत मोठी गोष्ट, जी बचत दरात दिसतच नाही: बचत ठेवली कुठे. अर्जेंटिनातल्या कुटुंबाने पगारातून उरलेले पेसो देऊन डॉलरच्या नोटा घेतल्या, किंवा उरुग्वे नाहीतर मायामीच्या बँकेत ठेवल्या, तरी ती बचतच. ती भांडवल खात्यातली हालचाल आहे, बचत घटवत नाही. त्यामुळेच सरकार कर्जात बुडालेले असूनही अर्जेंटिना एक देश म्हणून जगाचा निव्वळ धनको आहे: नागरिकांची परदेशी मालमत्ता देशाच्या देण्यांपेक्षा जास्त आहे. पण गादीखालची नोट कोणाला कर्ज म्हणून मिळत नाही. खासगी क्षेत्राला मिळणारे बँककर्ज अर्जेंटिनात गेली अनेक वर्षे जीडीपीच्या वीस टक्क्यांखाली राहिले आहे. चिलीत ते त्याच्या कित्येक पट आहे, आणि वीस-पंचवीस वर्षांची गृहकर्जे तिथे सर्रास मिळतात. दोन देशांचा बचत दर एखाद्या वर्षी सारखा असला, तरी त्या बचतीने उभी राहणारी घरे आणि कारखाने सारखे नसतात. लपवून ठेवलेल्या परदेशी ठेवींवरचे जे व्याज नोंदीत येत नाही, तेवढे राष्ट्रीय उत्पन्न आणि बचत दोन्ही कमी मोजली जातात. म्हणजे अर्जेंटिनाचा छापील दर खऱ्यापेक्षा थोडा खालचा असण्याची शक्यता जास्त.

स्थूल आणि निव्वळ यांतला फरक एका वाक्यात: चिलीची बचत घसारा (यंत्रे-इमारतींची झीज) आणि जमिनीतून कायमचे निघून गेलेले तांबे वजा करून पाहिली तर तिची आघाडी बरीच कमी होते, आणि जागतिक बँकेची समायोजित निव्वळ बचत ही मालिका त्यासाठीच आहे.

आलेख काढताना दशके पाडू नका. १९९१ ते २००० ची सरासरी तेजी आणि घसरण एकत्र कालवते. घटनांवर तुकडे पाडा: १९८२-८५, १९८६-९०, १९९१-९८, १९९९-२००२, २००३-०८, २००९-१९, २०२० नंतर. अर्जेंटिनासाठी शेवटच्या तुकड्याआधी २०१८ ची खूण करा. त्या आधीच्या दोन वर्षांत तूट पुन्हा पाच टक्क्यांकडे गेली, बचत चौदा टक्क्यांच्याही खाली उतरली, आणि जून २०१८ मध्ये नाणेनिधीशी ५० अब्ज डॉलरचा करार करावा लागला. २०२३ च्या दुष्काळाचीही खूण हवी, कारण सोयाबीनचे पीक मागल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आले आणि चालू खात्याची तूट त्यामुळे आणखी वाढली. प्रत्येक तुकड्यासाठी दोन्ही देशांचे चार आकडे एका ओळीत ठेवा: बचत, गुंतवणूक, चालू खाते, निव्वळ प्राथमिक उत्पन्न. चिलीसाठी २००३ नंतर मध्यवर्ती बँकेच्या क्षेत्रनिहाय लेख्यांतून कुटुंबे, कंपन्या आणि सरकार यांची बचतही जोडता येईल. अर्जेंटिनासाठी अशी लांब, सलग मालिका नाही, त्यामुळे तिथे सरकारची बचत अर्थसंकल्पातून काढून उरलेली सगळी खासगी धरावी लागते, आणि वर सांगितलेली व्याजाची विकृती या उरलेल्या आकड्यात बसलेली असते. त्या स्तंभाच्या डोक्यावर तसे स्पष्ट लिहा.